एकवीस दिवसांचं

साकोलीहून निघालो तेव्हा पहाटेचे साडेचार.
मे महिन्यात आमच्याकडे त्यानंतर निघणं म्हणजे
बाटल्या शिजवायला नेणं.

बारा बाटल्या. उभ्याच.
आडवी केली की तळाचा गाळ जागा होतो
आणि मग दिवसभर झोपत नाही.
प्रत्येकीला जुन्या लुगड्याची ओली पट्टी,
फटींमध्ये आरागिरणीतला भुसा,
वर भिजवलेलं पोतं,
आणि या सगळ्याखाली मी,
धनराजच्या मोटारसायकलवर मागे,
मांडीवर क्रेट.

बियर मी केली आहे.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर आहे मी,
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्या,
तापमापी वाचायला पाहून पाहून शिकले.
ज्वारीला मोड आणले, गच्चीवर वाळवली.
शेजारीण म्हणाली, आंबील करून राहिली का वं?
म्हटलं, हो, पण शिकलेली.

धनराजला एकच सांगितलं होतं,
खड्डा दिसला की आधी बोल.
खड्डा! म्हणायचा तो,
आणि मी क्रेट दोन बोटं वर धरायची.
आतल्या रस्त्याला तो दुसरं काही बोललाच नाही.

फाटक बंद. कोळशाची मालगाडी,
डबे मोजून कंटाळले.
तोवर ऊन आलं, थेट पोत्यावर.
उजेड लागला की हिचा वासच फिरतो,
म्हणून पदर ओढला, माझ्यावर नाही, तिच्यावर.
बाजूच्या काळीपिवळीतून एक बाई वाकली,
"बाप्पा, लेकराचं तोंड तरी उघडं ठेव. केवढं हाय?"
"एकवीस दिवसांचं."
"आन् इतक्या उनाचं कुठी नेता?"
"मामाकडे."
तिनं पिशवीतून कांदा काढून दिला,
ऊन लागू नये म्हणून.
मी तो पोत्याखाली सरकवला.
तेवढ्यात आतून
ठप्प.
सातव्या बाटलीत साखर चमचाभर जास्त झाली होती.
फेस माझ्या गुडघ्यांवरून चपलेत उतरला.
"मुतलं वाटते," बाई म्हणाली.
"हो जी," म्हटलं.

नवेगावच्या बांधावर आत्माराम नान्हेनं
मासोळ्यांच्या पेटीतला बर्फ दिला.
बर्फात खवले चमकत होते.
वास येईल, धनराज म्हणाला.
काचेतून वास जात नाही,
मी प्रयोगशाळेच्या आवाजात सांगितलं.

श्रावण भेंडारकर, लाइनमन,
चौतीस वर्षं खांबांवर चढून आता निवृत्त.
गेले एकवीस दिवस वीज जायच्या आधी
याचाच फोन यायचा,
"बाई, अकरा ते दोन जाणार हाय,
तुमचं पोतं भिजवून ठेवा."
काय ठेवलंय हे त्यानं कधी विचारलं नाही.

रात्री मांडवात पंगत बसली
आणि लाइन गेली.
सगळ्यांनी नव्या लाइनमनकडे पाहिलं,
त्यानं वाटीतल्या रश्श्याकडे.
कोणी मोबाइलची बॅटरी लावली.
बंद करा, मी ओरडले,
आणि लग्नाला आल्यासारखी शहाणी माणसं
अंधारात अकरा बाटल्यांभोवती
अर्धा तास गप्प बसली,
गाळ खाली बसावा म्हणून.
श्रावण बोटानं काच चाचपत होता,
तारेत वीज आहे का बघावं तसा.

मग ओतली.
स्टीलच्या पेल्यात, कडेनं, एकाच उतारानं,
तळाला दोन बोटं असताना थांबून.
त्यानं घोट घेतला. थांबला.
"थंडी हाय," म्हणाला.
परत घोट.
"जरा कांद्याची लागते."

परतीला क्रेट हलका.
तळाचा गाळ एका बाटलीत गोळा करून आणलाय,
फडक्यानं तोंड बांधून, बूच न लावता.
पुढच्या खेपेला तोच उठेल.
धनराज अजून खड्डे सांगतोय.
मी अजून उचलतेय.