सत्तावन्न इंच

आयली काँगास स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली,
लाकडी मुठीचा, मुठीवर पिवळ्या रंगाचे वाळलेले थेंब.
म्हणाली, तुमचे विजेवरचे नकोत,
ते स्क्रूचं ऐकून घेत नाहीत.

डुलुथ. मार्चची अखेर. बंदरात बर्फ तडकतोय,
वर्षातलं पहिलं खनिजाचं जहाज पुलाला भोंगा देतंय,
आणि आम्ही दोघी उतरवतोय
तिनं उभं केलेलं दालन, एकतीस वर्षांचं.
जागेवर पडदे येणार आहेत,
बोट लावलं की बोलणारे.

आधी नकाशा निघाला.
त्यावर लाल ठिपका होता: तुम्ही इथे आहात.
होता. शाळांच्या सहलींनी बोट ठेवून ठेवून
पार पुसून टाकला.
सगळं सरोवर शाबूत, गावं, दीपस्तंभ, बुडालेली जहाजं,
फक्त आपण आहोत तेवढी जागा कोरी.
आयलीनं अंगठ्यानं चाचपून पाहिलं.
'चांगलं वापरलंय लोकांनी.'

मग कोळ्याचे हातमोजे, आणि शेजारची पाटी:
पंचेचाळीस शब्द.
सेहेचाळिसावा होता 'शूर'.
उद्घाटनाच्या आदल्या रात्री, अकरा वाजता,
ब्लेडनं खरवडून काढला होता म्हणे तिनं.
मोजे बघा ना. कळतं की.

मला ती भेटली त्याच्या पुष्कळ नंतर,
कम्युनिटी कॉलेजच्या तळघरात, सोमवारी संध्याकाळी.
वर्गात दोन नर्सा, एक वेल्डर, एक निवृत्त पोस्टमन,
आणि इचलकरंजीहून नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली मी,
कोट न काढता बसणारी.
पहिल्याच तासाला तिनं काळ्या कागदातून अक्षरं कापायला लावली
आणि अक्षरं केराच्या टोपलीत टाकायला लावली.
भोकं उरली.
'आता ही नीट लावा. वाचणारा यांच्यातूनच चालत जातो.'
पेन्सिलची रेघ कुठे राहिली की पाच मार्क कापायची,
पोस्टमनचेसुद्धा.

माझ्या वहीवरचं नाव बघून थबकली होती.
आमची अक्षरं जमिनीवर उभी राहतात, म्हणाली,
तुझी टांगलेली आहेत.
खिळा कुणी ठोकलाय?
वर्ग हसला. मीही.
आम्ही अक्षरं आधी लिहितो, रेघ मागाहून मारतो,
हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

तिची स्वतःची चित्रं पलंगाखाली, पिझ्झाच्या खोक्यांत.
दर जानेवारीला एक, स्वयंपाकघराच्या खिडकीतून,
तेच पाणी, तोच पांढरा, दरवेळी हुकलेला.
एकदा बँकेच्या लॉबीत लावली होती. एक खपलं,
दातांच्या डॉक्टरनं घेतलं.
'तिथे लोक आ वासून बघतात,' ती सांगायची,
आणि स्वतःच आधी हसायची.

चारपर्यंत भिंती मोकळ्या झाल्या.
तेव्हा दिसली.
जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर, उभ्या माणसाच्या नजरेला,
या दारापासून त्या दारापर्यंत,
कोपऱ्यातही न तुटलेली,
पेन्सिलची एक बारीक रेघ.
तिच्या जवळपास तिच्याच हातची एक बेरीज,
कुणाचा तरी फोन नंबर, आणि 'दूध'.

आयलीनं चष्मा कपाळावर चढवला,
नाक भिंतीला टेकेस्तोवर वाकली.
'पाच मार्क गेले,' म्हणाली,
आणि साडेचारची बस गाठायला निघाली.
स्क्रूड्रायव्हर विसरली.
की ठेवून गेली, कोण जाणे.

मी दिवे मालवायला थांबले होते.
खिशातली पेन्सिल काढून
त्या रेघेला खालून खेटून लिहिलं:
आयली.
वेगळी रेघ मारावी लागली नाही.

रंगारी सकाळी सातला येणार होते.