धडगाव नावाचं बटण

मिरचीचा हंगाम आहे, शटर अर्धंच उघडते.
पथारीवरून वारा आला
की रांगेतले चौघं एकदम शिंकतात
आणि प्रिंटरवर लाल बारीक भुकटी बसते.

नंदुरबारात मी फॉर्म भरते.
उत्पन्नाचे, जातीचे, शिष्यवृत्तीचे.
फॉर्मामागे तीस रुपये, झेरॉक्स वेगळी.

तालुक्याच्या यादीत धडगाव नाही.
अक्राणी आहे.
पहाटेच्या एसटीनं आलेला माणूस
यादी दोनदा वरून खाली बघतो
आणि विचारतो, आमचं गाव काढून टाकलं का?
नाही काका, तेच ते.
दिवसातून सात वेळा तेच ते,
सात वेळा जिल्हा, तालुका, पिनकोड,
आणि ती गोल फिरत बसणारी चकरी.

तंत्रनिकेतनातला एक पोरगा, हितेश्वर,
मार्कशीट छापायला आला, सुटे नव्हते.
बदल्यात त्यानं मला एक ओळ दिली.
म्हणाला, ताई, वरच्या पट्टीत आपण पत्ते ठेवतो ना,
तिथं पत्त्याऐवजी काम ठेवायचं.
आधी इंग्रजीत जावास्क्रिप्ट,
मग विसर्गासारखी दोन टिंबं,
पुढचं सगळं एका दमात, मध्ये ओळ मोडायची नाही.
आते दाबी दखा.

दाबलं.
अक्राणी आपोआप येऊन बसली.
तिच्यामागे पिनकोड, शहाण्या पोरासारखा.
मी त्या बटणाचं नाव धडगाव ठेवलं.

मग नादच लागला.
रात्री भांडी झाली की ओळी जुळवत बसायची.
एक टिंब चुकलं तर काहीच होत नाही,
आणि काय चुकलं तेही सांगत नाही,
रुसलेल्या नणंदेसारखं.

आता पट्टीवर पाच आहेत.
धडगाव.
मोठं.
चिकटव, कारण खातेक्रमांक चिकटवायला साइटची मनाई,
हे ती मनाई उठवतं.
एक जून, कारण निम्म्या डोंगराचा जन्म
शाळेच्या रजिस्टरात एक जूनलाच झालाय.
पाचव्याला नाव नाही, ते अजून चालत नाही.

भाऊ सुरतेत असतो. फोनवर म्हणतो,
एवढं येतंय तर इकडं ये ना.
त्याला कसं सांगू,
बाकीच्या खुणा दाबल्या की पान उठून दुसरीकडं जातं.
ही दाबली की आपण तिथंच,
आणि तिथल्या तिथं काहीतरी हलतं.
मी म्हणते, गिऱ्हाईक आलंय, ठेवते.

बुधवारी रायमल पावरा आले.
महिनाभर पथारीवर मिरच्यांची देठं खुडतायत,
बोटं अजून त्याच रंगाची.
फॉर्म झाला, तपासून घ्या म्हटलं तर हसले.
वाचता येत नाही. पण माझं नाव कुठं ते दाखव.
मी बोट ठेवलं. मुंगीएवढं होतं.
मग मोठं दाबलं. परत दाबलं. परत.
इतकं की पडद्यात फक्त राय मावलं,
मल बाहेर गेला.
ते खुर्चीतून पुढं सरकले
आणि र वरून बोट फिरवलं, सावकाश,
वरून खाली, वळणाशी थांबून.
याला शेपूट आहे, म्हणाले.

हे सगळं माझ्या पडद्यापुरतं.
सरकारच्या पानाला याचा पत्ताही नाही.
जमा करा दाबलं, पान नव्यानं उघडलं,
अक्षरं परत मुंग्या,
तालुक्याच्या जागी परत निवडा.

काचेवर मात्र एक लाल र,
थोडा घामट, शेपटीशी फिसकटलेला.
पुसायला फडकं उचललं
आणि शिंक आली.