पाणी सोडणं

पाचगावात प्लॉट घेतला, बोअर मारला.
बोअरवाला म्हणाला, दोनशे दहा फुटांवर लागलं,
नशीब काढलंसा ताई.
लागलं ते खरंच.
कसलं लागलं ते डाळीनं सांगितलं.

सात शिट्ट्या झाल्या तरी तुरीचा दाणा अन् दाणा वेगळा,
वाटणीनंतरच्या भावांसारखा,
एका भांड्यात, पण एकजीव नाही.
मग चिमूटभर सोडा.
मग आमटीला सोड्याची चव,
आणि ह्यांचं ताटावरून न बोलता उठणं.

साबणाला फेस धरवत नाही,
बादलीत त्याचं नासकं दही होतं.
पांढऱ्या शर्टांना राखेचा रंग चढलाय.
केतकीनं तीन तेलं बदलली, दोन शाम्पू,
आता मोरीची जाळी ती स्वतःच साफ करते,
मला केस दिसू नयेत म्हणून.

गिझर दुरुस्त करायला नदाफ येतो, वर्षातनं दोनदा.
कॉईल काढून पेपरवर ठोकतो,
अंड्याच्या टरफलागत कपचे पडतात.
‘ही बघा वैनी तुमची दिवाळी, हा तुमचा उन्हाळा.’
मी पेपरची पुडी करते, पण लगेच टाकवत नाही.
इतकं सगळं आपल्या अंगावरून गेलं,
ह्याचं नवल वाटतं.

गंगावेशीतल्या घरी मात्र नळाला नदी येते.
पहाटे पाचला व्हॉल्ववाला पाणी सोडायचा,
आई म्हणायची, उठा, सोडलं.
दोन खोल्या, एक नळ,
आणि त्या पाण्यात डाळ
नुसती तीन शिट्ट्यांत विरघळायची.

चार वर्षांपूर्वी त्या घरावर मी पाणी सोडलं.
निबंधकाच्या कचेरीत, फोटो, अंगठा, सही,
हक्कसोडपत्राची सात पानं.
दादानं बाहेर उसाचा रस पाजला.
दोघांनीही बर्फ नको म्हटलं.
एवढंच बोलणं झालं त्या दिवशी.

तेव्हापासून दर रविवारी
वीस लिटरचा कॅन स्कूटीच्या पायाशी ठेवून
मी गंगावेशीत जाते.
चहापुरतं, डाळीपुरतं.
वहिनी नळाखाली कॅन लावते,
भरेपर्यंत आम्ही कॅनकडे बघतो.
घर सोडलं, पाणी सुटलं नाही,
हे तिच्याही मनात येत असेल.

परवा शहराची मोठी लाईन फुटली.
चार दिवस नळ कोरडे,
टँकरमागं पेठेतली माणसं धावलेली.
पाचव्या दिवशी सकाळी दारात दादा,
हातात रिकामा कॅन.
चार वर्षांत पहिल्यांदा आलेला,
चपला कुठं काढाव्यात ते न कळून
तसाच उभा.

‘बोअरला पाणी हाय न्हवं?’
‘हाय. पण जड हाय.’
‘चालतंय की.’

मोटर लावली.
कॅन भरेतोवर त्याला प्यायला पाणी दिलं,
घाईत हाताला लागला तो पेला,
रुखवतातल्या बारांपैकी उरलेला.
एका घोटानं त्याचं तोंड वाकडं झालं
तरी पेला त्यानं खाली ठेवला नाही.
उजेडाकडे धरून फिरवू लागला.

उद्यमनगरातल्या पहिल्या पगारातून
त्यानंच नाव घालून आणलेले पेले.
घासून घासून अक्षरं गेली, असं मीच समजत होते.
गेली नव्हती.
ठिपक्याठिपक्यात क्षार बसून
पांढरी, ठसठशीत झाली होती,
चष्म्याशिवाय वाचता येतील इतकी:

चि. सौ. कां. मालूस
दत्ताजीकडून

आत कॅन भरून वाहायला लागला.
मोटर बंद करायला
कोणीच उठलं नाही.