चाळीस घोडे

एलादियो इंजिन घेऊन आला तेव्हा ओहोटी होती.
बोटी चिखलात कलंडून पडलेल्या,
रवंथ करणाऱ्या गायींसारख्या.
इंजिन कोरं. झाकणावर अजून प्लास्टिक.
सालमनच्या पिंजऱ्यांवरची नोकरी सुटली,
हिशेबाचे पैसे मिळाले, ते सगळे यात.
"चाळीस," तो म्हणाला.
कुणी घरात पहिल्यांदाच
मुलीचं नाव सांगावं, तसं.

मी हात पुसले आणि बोटीकडे गेले.
चौदा फूट. सायप्रसच्या फळ्या.
त्याच्या आजोबांनी, बाउतिस्तांनी, बांधलेली
वल्ह्यांसाठी.
कारखान्यातल्या बोटीला आतून एक पाटी असते:
माणसं इतकी, वजन इतकं, घोडे इतकेच.
हिला पाटी नाही.
हिला वाचायचं तर गुडघे टेकावे लागतात.

मागची फळी अंगठ्यानं दाबली.
दबली.
खिळ्यांभोवती चहाच्या डागासारखं काळं.
आजवर तिनं पेललं ते आठ घोड्यांचं म्हातारं यंत्र,
तेही खोकत चालणारं.

"इंजिन झकास आहे," मी म्हणाले,
"घोडं पेंड खातं ते इथं."

तो बोलला नाही. कान लाल झाले,
त्याच्या आईचे व्हायचे तसे.
मग म्हणाला, "हळूच चालवीन की."
अरे, वेगाचं नंतर बघू.
वजन तर उभ्या बोटीतही असतं.

भरतीला चार तास होते. आम्ही माते प्यालो,
त्याच्या चुलत्याच्या गायीबद्दल बोललो.
पाणी आलं आधी चिखलाच्या रेघांतून,
मग सगळीकडून,
आणि 'पोर्फियादा' उठली. हट्टी, असा त्या नावाचा अर्थ.

शेडमधून मी बटाट्याची पोती काढली,
पंचवीस-पंचवीस किलोची चार.
हे तुझं इंजिन.
अजून एक लहान. ही तुझी टाकी.
सगळी मागच्या फळीला टेकवली, दोर माझ्या हातात धरला.
"आता तू बस. दांडा धरायचा तिथंच."

तो बसला.
बोटीनं नाक आभाळाकडे केलं
आणि मागं, फळीची कड नि पाणी यांच्यामध्ये
उरली चार बोटं. माझीच लावून मोजली.

तेवढ्यात लांबून दाल्काउएची फेरी गेली.
तिची लाट किनाऱ्याला उशिरा पोचते,
काहीतरी विसरून परत आल्यासारखी.
आली, आणि फळीवरून आत.
घोट्याइतकंच पाणी. पण एलादियो उभा राहिला,
आणि दुसरी लाट त्याच्यासह पोती घेऊन गेली.

बटाटे तरंगत नाहीत.
तो तरंगला, कारण जाकीट मी आधीच घालायला लावलं होतं.

कमरेइतक्या पाण्यात तो उभा, थरथरत,
तेव्हा बाकीचं सांगितलं:
धावताना मूठ एकदम सोडलीस
तर तुझीच लाट मागून येऊन तुला गाठेल.
फळी पंधरा इंचांची, तुझ्या इंजिनाचा पाय वीस,
पंखा चिखल नांगरेल.
आणि मनगटाची ती लाल दोरी शोभेची नाही.
या बोटीला आखूड पायाचे दहा घोडे. बस्स.
फळीही आधी नवी घालू.

जुनं दहाचं मी हप्त्यानं दिलं. अजून तीन हप्ते बाकी आहेत.
बुडालेले बटाटे ओहोटीला वेचले. मीठ घालावं लागलं नाही,
असं तो सगळ्यांना सांगतो.

चाळीसचं माझ्या शेडमध्ये घोंगडीखाली आहे.
शनिवारी तो येतो, ड्रममध्ये पाणी भरतो,
इंजिन अडकवून दोरी ओढतो.
सगळे घोडे जागच्या जागी उधळतात,
कोंबड्या पळतात, खिडकी थरथरते.
पाच मिनिटं. मग तो घोंगडी नीट घालतो.

या ऑगस्टमध्ये त्यानं दारापाशी लाकूड आणून टाकलंय,
एकवीस फुटी, ओलं, सालीसकट.
मी विचारलं नाही.
सुकायला निदान दोन उन्हाळे जातील.