पी हळद

सकाळी मी उंदरांच्या अन्ननलिकांचे काप करते.
पाच मायक्रॉन. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
आधी त्या कॉस्टिक सोड्याने भाजलेल्या असतात
(हे मी आईला फोनवर सांगत नाही),
मग आठ दिवस निम्म्या उंदरांना हळदीचं सत्त्व,
निम्म्यांना नुसतं तेल.
हळद पाण्यात नीट विरघळत नाही
हे आमच्या प्राध्यापकांना तीन महिन्यांनी उमगलं.
फोडणी करणाऱ्या कुणीही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.
कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

रंग चढवला की व्रण निळा दिसतो.
निळा जितका दाट, तितकी पुढे वाट अरुंद.
सव्वीस नंबरच्या उंदराचा निळा फिका निघाला.
मी ती काच जेवायच्या सुट्टीतही पाहिली.
सत्तावीसचा गडद.
तोही हळदीचाच.

डंडीत जानेवारीत चारच्या आत दिवे लागतात.
त्या दिवशी कर्स्टीने दार वाजवलं नाही, बडवलं.
कडेवर रूअरी, वय वर्षं चार.
सिंकखाली सरबताची जुनी बाटली,
तिच्यात बापाने ओतून ठेवलेलं मोरी तुंबल्यावरचं औषध.
एकच घोट.
ओठ पांढरे, हनुवटीवरून लाळ,
आणि रडणं आतल्या आत,
कारण रडायलाही गिळावं लागतं.

"तू ह्याच्यावरच काम करतेस ना?
ती पिवळी पावडर, मधातून देऊ? दुधातून?"

ओट्यावर डबा होता, सांगलीची हळद, अर्धा भरलेला.
माझा हात तिकडे गेलाही.
पी हळद आणि हो गोरी, म्हणतो आपण
उतावळ्या माणसाला, हसून.

काही देऊ नकोस, मी म्हटलं.
उलटी काढू नकोस. बाटली बरोबर घे.
अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही दोघी जिन्यात उभ्या,
मी त्याचा बूट हातात धरून, का कोण जाणे.
अकरा वर्षांच्या कापांतून
मला देता आला तो एक शब्द: नको.

आता दर तीन आठवड्यांनी त्याला झोपवतात,
घशातून फुगा उतरवून वाट रुंद करतात.
ती पुन्हा आवळते. पुन्हा फुगा.
प्राध्यापकांनी निबंधात लिहिलंय, "आशादायक".
खोटं नाही ते. सव्वीस नंबर मी पाहिलाय.

पण आमचा प्रयोग आठव्या दिवशी संपतो,
आणि उंदीरही.
नवव्या दिवशी कुणाला काय गिळता आलं असतं
ह्याची नोंद आमच्याकडे नाही.

रूअरीचा आज एकशे बारावा.
माझ्या पायरीवर बसून कस्टर्ड खातोय,
चमच्याच्या टोकावर येईल एवढंच.
माझ्या नखातला पिवळा डाग बघतो, विचारत नाही.
थांबतो.
गळ्याची घाटी वर जाते,
तिथेच राहते,
मग खाली येते.

माझीही.