खिळ्यावरचा टॉर्च

खूबचंदच्या दुकानात मी माझा मिटर घेऊन गेलो.
दौलतगंजात, भर दुपारी,
काउंटरवर पाच टॉर्च मांडायला लावले
आणि म्हणालो, पेटवून दाखवू नका.
बंद करून दाखवा.

तो हसला. "भाईसाहब, बुझा हुआ तो सब एक जैसा."

नसतं तसं.
पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं
पोरांच्या चुकलेल्या जोडण्या सोडवत बसलो,
मला विचारा, बंदचे किती प्रकार.

पहिला देखणा. चार तऱ्हांचा उजेड, मऊ बटण,
बुडाशी हिरवा ठिपका, अंधारात सापडावा म्हणून.
सेल आणि पत्र्याच्या मध्ये मिटरच्या सुया धरल्या:
तीनशे मायक्रोअँपिअर.
काहीही न करता.
नुसतं "मी इथे आहे" म्हणत राहण्याचे तीनशे.
हिशेब केला, नऊ महिन्यांत सेल कोरडे.

ताई अकरा महिन्यांनी येते.

शरयूताई. लेकाकडून, टोरांटोहून.
दिल्लीवरून रात्रीची गाडी, मग जनकगंजातला जिना, मग कुलूप.
मेन स्विच पार आत, स्वयंपाकघराच्या मागे;
तिथवर पोचायला दाराआडच्या खिळ्याला टॉर्च.
स्टेशनवर मी जात नाही.
मोतीबिंदू काढल्यापासून रात्री स्कूटर नको, हा तिचाच हुकूम.
गेल्या वर्षी टॉर्च लागला नाही.
फोन प्रवासातच मेलेला.
गुडघा स्टुलावर आपटला, आणि सकाळी मला:
"एवढं एक सांभाळता येईना तुला, बाळ्या?"
बाळ्या एकाहत्तर वर्षांचा आहे.

दुसरा ऐंशी. तिसरा पंचेचाळीस.
चौथ्याचा आकडा स्थिरच होईना, तो बाजूला सारला.
खूबचंदनं चहा मागवला. पोऱ्या माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागला.
पाचवा पत्र्याचा, सरकत्या बटणाचा,
धूळ पुसून आतून काढलेला.
खट्.
शून्य.
मी सुया पुसून पुन्हा धरल्या. शून्य.
तांब्याची पट्टी पट्टीपासून सुटली, की सुटली.
मध्ये हवा. कुणाची वाट बघणं नाही.

त्या बंद घराचं वीजबिल मीच भरतो.
युनिट शून्य, तरी स्थिर आकार ठरलेला.
घरं मऊ बटणाची असतात.

रात्री वाटलं, सरकतं बटण, कुणाचा धक्का लागला तर?
एक सेल उलटा घातला, चिठ्ठी डकवली:
"ताई, पुढचा सेल फिरवून घाल."
दिवा मालवून पडलो
आणि उठून बसलो.
अंधारात ती चिठ्ठी कशानं वाचणार?

मग सेल सरळ केला, मध्ये कागदाची पट्टी सरकवली,
जुन्या बिलाचीच,
तिचं शेपूट बाहेर, शेपटाला दोऱ्याची गाठ,
डोळे मिटून पाच वेळा ओढून बघितली.
गाठ बोटांना कळते. ओढलं की लागतो.
नवी पट्टी घालून खिळ्याला अडकवला.

ताई परवा रात्री आली.
सकाळी पोहे घेऊन गेलो तर गॅलरीत उभी,
गुडघा धड, घर उजळलेलं.
"टॉर्च लागला ना?"
"कुठला टॉर्च? फोनच्या उजेडात आले की.
या वेळी चार्ज करून ठेवला होता."

दाराआड पाहिलं.
शेपूट तसंच, गाठ तशीच.
ती आत पोह्यांवर लिंबू पिळत होती,
कोथिंबीर विसरलास म्हणत होती.

खिशात मिटर होता. सवय.
पट्टी जागेवर ठेवूनच टोपण फिरवलं, सेल बाहेर घेतले,
दोन्ही तपासले:
विकत घेतले त्या दिवशी होते तितकेच भरलेले.

परत घातले.
गाठ बाहेर राहील असं बघितलं
आणि टॉर्च खिळ्याला लावला.