बूमवाल्याचं सांगणं

तिचं नाव अर्डिस कोवाल्चिक.
एजंटनं शेपूट छाटलं, 'कोल' ठेवलं.
नामावलीत तेही फक्त शुक्रवारी यायचं,
साबणाची जाहिरात लांबली नाही तर.

मी बूम धरायचो. मॅनहॅटनच्या पश्चिम टोकाला,
पूर्वी घोड्यांचा तबेला होता त्या स्टुडिओत,
तीन वर्षं, रोज दुपारी,
तिच्या डोक्यावर हातभर अंतर राखून.
इतका वेळ मी माझ्या बायकोचाही श्वास ऐकला नसेल.

काम काय, तर दार उघडायचं.
मेणबत्ती घेऊन जिना उतरायचा आणि म्हणायचं,
"वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही, मिस."
एकोणीस वेळा म्हणाली.
कधी वाटायचं, आहे कुणीतरी वर.
कधी वाटायचं, हीच राहते.
एकदा सर्दीनं आवाज बसला होता,
तेव्हा दोन नंबरच्या कॅमेऱ्यावरचा जाडा ओटिस
मान वर करून बघायला लागला.
वर नुसत्या दिव्यांच्या तारा.
जिना सातच पायऱ्यांचा,
आठवीच्या जागी सुताराचा डबा.

पुन्हा टेक घ्यायची सोय नव्हती. पट्टी कापणं महाग.
नायिका वाक्य विसरली, की डोळे मोठे करायची.
मग अर्डिस शाल सारखी करत बोलायची,
"आपल्याला विचारायचं असेल ना,
ती चिठ्ठी कुणी ठेवली?"
आणि उत्तरही तीच द्यायची.
पत्रं नायिकेला यायची. पोतंभर.

दोनशे बाराव्या भागात तिला विहिरीत ढकललं.
विहीर प्लायवूडची, खाली गादी.
ओरडली, तसा माझा काटा लालमध्ये गेला.
गादीवरून उठत विचारते,
"जास्त झालं का रे, मॉर्ट?"
महिन्याभरानं परत आली,
स्वतःचीच खापरपणजी होऊन, पांढरा टोप घालून.
पगार तोच. मरणाबद्दल वाढ द्यायची
करारात तरतूद नव्हती.

मग मालिका बंद पडली.
त्याच पट्ट्या पुसून त्यांवर
बोलिंगचे सामने भरले.
ती क्वीन्सला दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायला लागली, असं ओटिस म्हणाला.
मी गेलो नाही भेटायला.
का, ते विचारू नका.

परवा टोलीडोहून एक पाकीट आलं.
कुणी गृहस्थ, लहानपणी शाळेतून पळत येऊन
टीव्हीला रेकॉर्डर चिकटवून बसायचा.
लावलं.
खरखर. धुक्याच्या यंत्राची फुसफुस.
ज्या पायरीला तेल घालायचं मी रोज विसरायचो,
तिचं करकरणं.
मग ती. "वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही, मिस."
आणि पोराची कुजबुज, अगदी माईकजवळ,
"राहतं."
मागून त्याची आई: बटाटे गार होताहेत!

पट्टी संपून गरगरत राहिली.
खांदा दुखायला लागला तेव्हा कळलं,
मी दोन्ही हात वर धरून बसलो होतो,
सावली पडू नये म्हणून
जरासा डावीकडे.